सुई धरायची कशी?

भातकापणीत उजव्या हातात विळा असतो आणि डाव्या मुठीत रोपे. विळा आपल्या दिशेने ओढला जातो आणि एखाद्या वेळी रोपांऐवजी डाव्या हाताच्या बोटावर येतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले भाताचे तालुके. पावसाळी भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे चालते. शिवाय भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांना मिळते, त्यामुळे तेथे उन्हाळी भातही होतो. म्हणजे विळा वर्षातून दोनदा चालतो. खोपोलीच्या बाजूला कारखाने आहेत, तेथे पत्र्याची धार लागते. बोरघाटातल्या रस्त्यावर अपघात होतात ते वेगळेच.

जखमा अशा तऱ्हेतऱ्हेच्या, पण खोल कापले असेल तर उपचार बहुतेक ठिकाणी एकच: जखम स्वच्छ धुवायची, कडा जुळवायच्या आणि टाके घालायचे. बोटावरचा टाका नीट पडला तर महिन्याभरात बोट पूर्वीसारखे वाकते. कडा वाकड्या जुळल्या, टाका फार ओढला गेला किंवा मांस फाटले, तर व्रण जाड होतो आणि बोट आखडते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाचे बोट आखडले म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्हाला कधी टाके पडले असतील तर एक गोष्ट आठवून पाहा. (डोळे घट्ट मिटून घेतले असतील तर आठवणार नाही!) डॉक्टर सुई बोटांत धरत नाहीत. कात्रीसारख्या दिसणाऱ्या, पण धार नसलेल्या एका उपकरणात ती पकडतात. डॉक्टरमंडळी त्याला ‘नीडल होल्डर’ म्हणतात. आपण सुईधारक म्हणू. दिसायला अगदी साधे असलेले हे उपकरण सुधारण्यासाठी गेली दीडशे वर्षे लोक धडपडत आहेत आणि ती धडपड अजून संपलेली नाही. असे का, ते पाहू या.

बांगडी आणि कणीक

शिंप्याची सुई सरळ असते. कापड उचलता येते, त्याच्या दोन्ही बाजू हाताला लागतात. सुई वरून घालायची आणि खालून ओढायची. कातडीला खालची बाजू नाही! सुई एका कडेतून आत शिरून, खालून वळून, दुसऱ्या कडेतून पुन्हा वरच आली पाहिजे. म्हणून शस्त्रक्रियेची सुई बहुधा वाकडी असते. वर्तुळाचा अर्धा किंवा तीन-अष्टमांश तुकडा कापून घ्यावा, तशी.

आता वाकडी सुई चालवायची कशी? घरी एक प्रयोग करा. प्लास्टिकची जुनी बांगडी घेऊन तिचे दोन समान तुकडे करा. (काचेची नको.) कणकेचा मोठा गोळा घ्या. बांगडीच्या तुकड्याचे एक टोक गोळ्यावर उभे ठेवा आणि सरळ पुढे ढकला. तुकडा आत जाईल, पण भोक लांबट आणि फाटलेले पडेल. आता दुसऱ्या जागी टोक ठेवा, आणि कुलपात किल्ली फिरवतो तसे मनगट वळवून तुकडा आत सरकवा. या वेळी तो दुसरीकडून अलगद बाहेर येईल आणि भोक बांगडीच्या जाडीएवढेच राहील.

कारण सरळ आहे. बांगडीचा प्रत्येक भाग एकाच केंद्राभोवती, एकाच त्रिज्येने फिरला, तर मागचा भाग पुढच्या भागाने केलेल्या वाटेनेच जातो. केंद्र हलले की मागचा भाग नवी वाट फाडू लागतो. कणकेच्या जागी बोटाचे मांस असेल तर ते फाटते, आणि सुई बारीक असेल तर तीच वाकते. तेव्हा सुईधारकाचे पहिले काम म्हणजे मनगटाचे वळणे जसेच्या तसे सुईपर्यंत पोचवणे. सुई जबड्यात थोडीशी जरी घसरली किंवा फिरली, तर हात वळतो एकीकडे आणि टोक जाते भलतीकडे.

सुई कोठे धरायची यालाही हिशेब आहे. टोकापासून सुईच्या लांबीचे तीन भाग कल्पा आणि दोन भाग सोडून धरा, असे शिकाऊ डॉक्टरांना सांगतात. टोकाजवळ धरली तर सुई मांसातून पुरती पार होत नाही. अगदी मागे धरली तर टोकावरचा विरोध लांब तरफेने सुईला वाकवतो. शिवाय हल्लीच्या सुईला नेढे नसते. दोरा सुईच्या मागच्या टोकातच दाबून बसवलेला असतो आणि ते टोक नाजूक असते. नेढे काढून टाकण्याचे कारण मोठे मजेदार आहे. नेढ्यातून ओवलेला दोरा दुहेरी होतो, आणि त्या दुहेरी दोऱ्याला ओढून नेताना सुईने केलेल्या भोकापेक्षा मोठे भोक पडते.

सांडशीची बहीण

स्वयंपाकघरातली सांडशी पाहा. लांब दांडे, आखूड जबडा आणि मध्ये खिळा. शाळेत शिकलेल्या पहिल्या प्रकारच्या तरफेचे हे उदाहरण आहे. सुईधारकही तसाच. समजा, बोटांच्या कड्यांपासून खिळा १२ सेंटिमीटरवर आहे आणि खिळ्यापासून सुई २ सेंटिमीटरवर. मग बोटांनी लावलेले बल जबड्यात सहापट होते. कड्यावर २ किलोग्रॅम भाराइतके दाबले तर सुईवर १२ किलोग्रॅम भार येतो, तोही रेघेएवढ्या जागेत.

तुम्ही म्हणाल, दांडे आणखी लांब करा, जबडा आणखी आखूड करा, म्हणजे पकड वाढेल. वाढेल खरी; पण बारीक सुई चेपून सपाट होईल, आणि आखूड जबडा खोल जखमेत पोचणार नाही. म्हणून केवळ बळावर भिस्त न ठेवता घर्षणाचा उपयोग केला. जबड्याच्या आतल्या बाजूवर आडव्या-उभ्या बारीक रेघा कोरल्या. रेघा पोलादाच्याच असल्या तर सुईशी घासून झिजतात. मग जबड्यात टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या पट्ट्या बसवू लागले. अशा उपकरणांच्या कड्यांना सोनेरी मुलामा देण्याची रीत आहे. श्रीमंतीसाठी नव्हे, ट्रेमध्ये चटकन ओळखू यावे म्हणून.

कड्यांजवळ आतल्या बाजूस दोन दातेरी जिभा असतात. दांडे दाबले की ‘कट्’ असा आवाज होऊन दाते एकमेकांत अडकतात. आता हात सैल सोडला तरी सुई पकडलेलीच राहते. याचा मोठा फायदा म्हणजे थरथर कमी होते. पेन्सिल मुठीत जोराने आवळून बारीक रेघ काढून पाहा. दाबण्यात गुंतलेला हात नाजूक काम करू शकत नाही.

पण हाच खटका डावखुऱ्यांचा शत्रू आहे. खटका सोडवताना अंगठ्याने एक कडे बाजूला ढकलावे लागते. उजव्या हाताचा अंगठा ज्या दिशेला सहज ढकलतो, त्याच दिशेचा विचार करून दाते बसवलेले असतात. डाव्या हातात धरले की अंगठा नेमका उलट ढकलतो आणि दाते सुटण्याऐवजी अधिकच घट्ट बसतात. शिंप्याची कात्री डाव्या हाताने चालवून पाहिलीत, तर असाच अनुभव येतो. तेथे पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड कापण्याऐवजी दुमडते. डावखुऱ्यांसाठी उलट बनावटीचे सुईधारक मिळतात, पण सगळीकडे नाही. पुष्कळ डावखुरे डॉक्टर निमूटपणे उजव्या हाताने टाके घालायला शिकतात. माझ्या मते दोष हाताचा नाही, उपकरणाचा आहे. लहान पंजाच्या डॉक्टरांची, त्यात स्त्रिया पुष्कळ, हीच तक्रार असते: कडी मोठी, दांडे लांब, आणि अंगठा पुरत नाही.

आपट्याची साल आणि खैराचा कात

सुईची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तीन प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. मांस कमी असेल तेथे आणि सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन अंगुळांची तीनधारी सुई, आणि पोट व मर्मस्थानांसाठी धनुष्यासारखी वाकडी सुई. सुईचे टोक मालतीच्या फुलाच्या देठासारखे असावे, असेही म्हटले आहे. टाके फार जवळ घातले तर कडा फाटतात, फार लांब घातले तर दुखतात, ही सूचना आजच्या डॉक्टरलाही पटेल. शिष्याने आधी जाड-पातळ कापडावर आणि मऊ चामड्यावर शिवून सराव करावा, असा नियम होता. दोऱ्यासाठी ताग, जवसाचे सूत, केस, गुळवेलीचे तंतू आणि अश्मंतकाच्या सालीचे तंतू सांगितले आहेत. अश्मंतक म्हणजे आपटा, असे मानतात. दसऱ्याला ज्याची पाने आपण वाटतो तोच हा! कर्जतच्या डोंगरउतारांवर तो आजही दिसतो.

याच भागाशी नाते सांगणारी आणखी एक हकीकत आहे. सुमारे १७९३ साली पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक दुरुस्त करण्यात आले. इंग्रजांच्या फौजेसाठी तो बैल हाकत असे. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. शस्त्रक्रिया करणारा मनुष्य विटा करणाऱ्या कुंभार जातीचा होता. त्याने मेणाचा नमुना करून तो सपाट केला, कपाळावर ठेवून भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, दोन्ही डोळ्यांमधला एक पट्टा जोडलेला ठेवून ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मासिकात छापून आली.

आता गंमत पाहा. या शस्त्रक्रियेत टाका एकही नव्हता! जखमेच्या कडेला खाच पाडून तीत नव्या कातडीची कड बसवली आणि वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. कात म्हणजे विड्यात घालतात तोच, खैराच्या लाकडापासून काढलेला. त्यातील टॅनिनमुळे तो आकसून घट्ट बसतो. खैराचा कात काढणे हा कर्जत-खालापूरच्या वाड्यांत राहणाऱ्या कातकऱ्यांचा पूर्वापार धंदा होता आणि त्यांचे नावही त्यावरूनच पडले.

मग कातावरच, म्हणजे चिकटवण्यावरच काम का भागत नाही? चेहऱ्यावरच्या लहान जखमा आजही खास प्रकारच्या गोंदाने चिकटवतात. पण बोटाचा सांधा दिवसातून हजारदा वाकतो. तेथे कडांवर ताण येतो आणि गोंद सुटतो. तेथे टाकाच हवा.

लंडनहून मुंबईला

‘जेंटलमन्स मॅगझिन’मधली हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्यानंतर शंभर वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि खंदकांतून चेहरे फाटलेले सैनिक इंग्लंडात येऊ लागले. त्यांच्यावर उपचार करणारे सर हॅरल्ड गिलीज (१८८२–१९६०) हे मूळचे न्यूझीलंडचे. एकेका चेहऱ्यावर बारीक टाके पुष्कळ घालायचे, तेव्हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सुईधारक तयार झाला. त्यात तीन बदल दिसतात. जबड्याच्या मागेच कात्रीची पाती आहेत. अंगठ्याचा दांडा आखूड असून बाहेर वळवलेला आहे, म्हणजे हात नैसर्गिक ठेवणीत राहतो. आणि खटका मुळीच नाही. सुई कितपत दाबायची ते पूर्णपणे बोटांच्या हाती.

कात्रीचा हिशेब करून पाहू. साध्या सुईधारकाने गाठ मारल्यावर तो खाली ठेवायचा, कात्री उचलायची, दोरा कापून कात्री ठेवायची, पुन्हा सुईधारक उचलायचा. एका टाक्याला चार जादा हालचाली; आठ टाक्यांना बत्तीस. मोठ्या इस्पितळात दोरा कापायला मदतनीस उभा असतो. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर एकटे, परिचारिका दुसऱ्या रुग्णापाशी, आणि बाहेर रांग. तेथे गिलीजची एकहाती कात्री फार मोलाची ठरते. अर्थात फुकट काही मिळत नाही. दोरा चुकून पात्यांत सापडला तर नको त्या वेळी कापला जातो, आणि खटका नसल्याने हात लवकर थकतो. ऑल्सन-हेगर नावाच्या प्रकारात कात्री आणि खटका दोन्ही आहेत. पण दोरा कापला जाण्याची भीती तशीच आहे.

याच गिलीज यांच्याकडे मुंबईच्या एका तरुण डॉक्टरने शिक्षण घेतले. ते म्हणजे डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७). परत येऊन त्यांनी जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात व बसलेली नाके दुरुस्त करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. पुण्यात कुंभाराने केलेली विद्या लंडनला जाऊन, वाढून, अशी पुन्हा आपल्याकडे आली! अंतिया तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७० च्या दशकात त्यांनी मांडवा परिसरातल्या खेड्यांत गावच्याच स्त्रियांना आरोग्याची कामे शिकवली. मांडवा त्याच जिल्ह्यात. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, ते १९८१ साली रायगड झाले. उंची यंत्रसामग्री नसलेल्या ठिकाणी काय चालेल, हा प्रश्न विचारणारे प्लास्टिक सर्जन विरळाच.

मदतीचा हात नसेल तेव्हा आणखी एक धोका असतो. निसटलेली सुई बोटांनी उचलली आणि टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील कावीळ-बीचे किंवा एचआयव्हीचे विषाणू डॉक्टरच्या शरीरात शिरू शकतात. म्हणून सुई नेहमी एका हातातल्या चिमट्याने सरळ करून दुसऱ्या हातातल्या सुईधारकात घ्यावी, बोट लावू नये, असा दंडक आहे. आतल्या थरांसाठी बोथट टोकाच्या सुयाही निघाल्या आहेत. त्या स्नायूच्या आवरणातून जातात, पण हातमोज्यातून सहज जात नाहीत.

केसाहून बारीक, आणि हातभर लांब

तुटलेले बोट पुन्हा जोडायचे, तर त्यातल्या रक्तवाहिन्या शिवाव्या लागतात. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. त्यातला दोरा सुमारे ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. आपला केस सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे त्यापेक्षा दुपटीहून जाड! येथे कात्रीसारखी कडी कुचकामी. डोळ्यांचे शल्यचिकित्सक रामोन कास्त्रोव्हिएहो (१९०४–१९८७) यांच्या नावाचा सुईधारक पेन्सिलीसारखा धरतात. स्प्रिंगच्या दोन पट्ट्या दाबल्या की जबडा मिटतो. मनगट न हलवता, नुसत्या बोटांत तो गोल फिरवता येतो. हल्ली असे सुईधारक टायटॅनियमचेही करतात. ते हलके असतात आणि चुंबकत्व घेत नाहीत. पोलादी चिमट्यात थोडे जरी चुंबकत्व आले, तर एवढीशी सुई त्याला चिकटून बसते आणि सुटता सुटत नाही.

दुसरे टोक म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. भारतात ती रुजवणारे डॉ. तेहेम्तन उडवाडिया हेही जे. जे. रुग्णालयातलेच. १९७२ साली त्यांनी पोटात दुर्बीण घालून तपासणी सुरू केली आणि १९९० साली त्याच मार्गाने पित्ताशय काढले. या पद्धतीत सुईधारक हातभर लांब असतो आणि पोटाच्या भिंतीतल्या लहान भोकातून आत जातो. ते भोक टेकूचे काम करते. त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते! नवशिक्याला आधी आपला मेंदूच उलटा करून घ्यावा लागतो. त्यात पिस्तुलासारखी मूठ मनगट वाकवायला लावते, म्हणून टाक्यांसाठी दांड्याच्या रेषेत असलेली सरळ मूठ बऱ्याच जणांना आवडते. आयआयटी मुंबईत २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या मदतीने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले. तेथे अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसून उपकरणे घडवतात.

पण कर्जत-खालापुरात रोज उपयोगी पडतो तो साधा, पोलादी सुईधारकच. तो प्रत्येक वापरानंतर वाफेत निर्जंतुक करावा लागतो: १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब, म्हणजे साधारण आपल्या प्रेशर कुकरएवढा. जुन्या काळच्या हत्यारांच्या लाकडी आणि हस्तिदंती मुठी या वाफेपुढे टिकल्या नाहीत, म्हणून सगळे उपकरण धातूचे झाले. स्वस्त सुईधारकावर नुसता क्रोमचा मुलामा असतो. कोकणच्या पावसाळी हवेत तो खिळ्यापाशी सुटतो आणि तेथे गंज धरतो. त्या सांध्याच्या फटीतच रक्तही साठते, म्हणून धुताना उपकरण उघडून ब्रशाने घासावे लागते.

जुना सुईधारक अजून कामाचा आहे की नाही, याची परीक्षा एका मिनिटात होते. जबडा मिटून तो उजेडाकडे धरायचा. टोकाशी फट दिसता कामा नये. मग त्यात सुई पकडून खटका दुसऱ्या दात्यापर्यंत लावायचा, आणि चिमट्याने सुई फिरवून पाहायची. सुई सहज फिरली तर सुईधारक दुरुस्तीला पाठवायचा. त्याने बोटाला टाके घालायचे नाहीत.